पडता भाव

म्युच्युअल फंड आठवडाभर घसरत होता आणि नवापूरची जमना रोज लेकीला त्याचा भाव विचारत होती. उभा जन्म तिने ताजी मासळी विकलेली. दिवस कलला, भाव पडला की मिळेल त्या किमतीत टोपली रिकामी करायची, हेच हाडात भिनलेलं. “भाविका, इकून टाक सगला! तुज्या नर्सिंगच्या फीचे पैशे बुडतील गो!” ती रडत ओरडली. “आई, थोडं थांब ना,” म्हणत लेकीने हातापाया पडून पाहिलं. शेवटी तोट्यातच सगळं विकलं.

इतक्यात बोईसरचा व्यापारी दारात आला आणि ओटीवरचे सुके बोंबील पडेल भावात मागू लागला.



जमनाने पदराने डोळे पुसले. “नाय रे. पावसात भाव चडतो. मना काय घाई नाय.”