सेन्सर बदललाय

थोरल्याचं वागणं हल्ली आईला मुळीच पटत नव्हतं. महिन्यातून एकदा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला जायचा आणि परत आला की दोन दिवस तोंड पाडून पडून राहायचा. ताटात वाढलेलं तसंच टाकायचा. शर्ट तर खाऱ्या पाण्यानं इतके कडक झालेले, की खुंटीवाचून उभे राहतील. एवढा साहेब झाला, पण ओले बूट वाळत घालायची अक्कल आली नाही, असं ती येईल त्याला ऐकवायची.

साहेब मात्र खराच होता. कामगारांना तेलविहिरीवर नेणाऱ्या हेलिकॉप्टरची तपासणी त्याच्या हाताखाली व्हायची. त्याच्या सहीशिवाय पंखा फिरत नसे. हे चारचौघांत सांगताना आईची मान आपोआप ताठ व्हायची.

म्हणूनच त्या सकाळी जावयानं कुरकुर लावली तेव्हा तिचं डोकं फिरलं. जावई त्याच तेलविहिरीवर वेल्डर होता. त्याचं म्हणणं, हेलिकॉप्टर आताशा असं थरथरतं की बसल्या जागी दातावर दात आपटतात. थरथर मोजणाऱ्या यंत्रानं लाल दिवाही दाखवला होता. मग सेन्सर बदलला. दिवा विझला, थरथर होती तशीच राहिली.

"नाही गेलो तर नोकरी जाईल," तो बॅगेची चेन ओढत म्हणाला. "आणि गेलो तर..." बायको दारात उभी होती, दिवस भरत आलेली.

आईनं थोरल्याला समोर बसवून विचारलं. त्यानं चहाच्या कपातून मान वर न काढता सांगितलं, की सेन्सरच बिघडला होता, मशीन ठणठणीत आहे.

"ऐकलंत?" आई जावयाला म्हणाली. "घरचा माणूस सांगतोय. उगाच पोरीच्या जिवाला घोर लावू नका. पाळण्यात बसल्यासारखे जाल."

जावयानं बॅग उचलली. दारात थांबून त्यानं थोरल्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणताय म्हणून जातो, दादा."

थोरल्यानं नुसती मान डोलावली.

तो गेल्यावर लेक गॅलरीत जाऊन उभी राहिली. आईनं थोरल्याची पिशवी धुण्यासाठी उपसली. बुटांवर मिठाचे पांढरे डाग होते. पँटच्या खिशात गोळ्यांचं रिकामं पाकीट निघालं. तिला वाचायला फारसं येत नसे, पण ते हिरवं पाकीट तिनं रंगावरून ओळखलं. पोरं लहान असताना खाडी ओलांडायच्या आधी एकट्या थोरल्यासाठी ती ते विकत घ्यायची.

तिनं सगळं धुणं उरकलं, पाकीट मात्र कमरेला खोचून ठेवलं.

घरावरून हेलिकॉप्टर गेलं. फडताळातले कप किणकिणले. गॅलरीत लेक वर बघून हात हलवत होती. आवाज समुद्राकडे गेला, बारीक होत गेला.

आईनं पाकीट थोरल्याच्या कपाशेजारी ठेवलं आणि त्याचा फोन त्याच्यापुढे सरकवला. त्यानं फोनला हात लावला नाही.

"नावेत पाय ठेवला की आतडी बाहेर यायची तुझी," ती हळू म्हणाली, गॅलरीत ऐकू जाऊ नये म्हणून. "आणि आता हेलिकॉप्टर सोडून जाता-येता रात्रभर बोटीत ओकत बसतोस. नुसता भित्रा असतास तर पोटात घातलं असतं रे. पण तुला माहीत होतं."