गाणं नसलेली कॅसेट

“ह्यात गाणंच न्हाय की!” सोलापूरच्या शिवप्पा दुकानदारानं कॅसेटींचा गठ्ठा कुंडलिककडं परत सरकवला. “निसता पेटीचा एकच सूर, मागं कोंबडी, रहाट, घंटा. त्यात शेवटाला टेप कोरीच. कोण घेणार?”

गाव धरणात जाण्याआधी कुंडलिकनं तिथले आवाज टेप केले होते. पेटीच्या लांबलचक सुरावर ते रचून, ‘भीमाकाठ’ नावाची आपलीच कंपनी काढून त्यानं ही कॅसेट आणली होती. त्यानं गठ्ठा पिशवीत भरला आणि धरणग्रस्तांच्या नव्या वसाहतीत चुलती सोजरबाईकडं गेला.

पत्र्याच्या खोलीत त्यानं तिला कॅसेट लावून दिली. बाजारात भाजी ओळखावी इतक्या सहज ती एकेक आवाज ओळखू लागली. “ह्यो आपल्या हिरीचा रहाट. ही भैरोबाची घंटा.”

मग रहाट थांबला, सूर विरला. कोऱ्या टेपची नुसती सरसर उरली. बंद करायला कुंडलिकनं हात पुढं केला.

“ऱ्हाऊ दे की,” सोजरबाई म्हणाली. “आता पाणी चढतंय.”