मिस्त्रींची दुपारची झोप

आतल्या खोलीतून सासऱ्यांच्या घोरण्याचा पहिला सूर लागला, तशी सूनबाईने दुरुस्तीच्या दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि सुताराचं ड्रिल बाकावर आडवं केलं. हाताशी जेमतेम पाऊण तास होता. चार वाजता सुतार येणार होता आणि त्याच्या पाठोपाठ नवरा.

नवऱ्याने सकाळीच फोनवर बजावलं होतं. "बाबांचे हात थकलेत. आज मी समोर उभा राहून बघणार. सुताराच्या मशीनने कुरकुर केली, तर उद्यापासून दुकानाला कुलूप. म्हातारपणी नाचक्की नको."

म्हणे नाचक्की! सूनबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पस्तीस वर्षांत या दुकानातून गेलेलं एकही ड्रिल परत आलं नव्हतं. सासऱ्यांना सगळा बाजार 'कानवाले मिस्त्री' म्हणायचा. मशीन कानाशी धरायचं, बटण दाबायचं आणि सांगून मोकळं व्हायचं: कार्बन झिजलेत, बेअरिंग गेलंय, ग्रीस सुकलंय. शब्द कधी खोटा पडला नाही.

तिला स्वतःला मात्र मशीनचं वावडं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मिस्त्रींनी हौसेने तिला बाकावर बसवलं आणि तिने चार गिऱ्हाइकांदेखत एका ड्रिलमधून धूर काढला. गिऱ्हाइकं खो खो हसली. "बाबा, पुन्हा या बाकावर बसले तर माझं नाव बदला!" म्हणून ती उठली ती उठलीच. मिस्त्रींनी दोन-तीनदा समजावलं, मग नाद सोडला. ते बाक सांभाळायचे, ती गिऱ्हाईक.

पण वर्षापूर्वी एका रंगाऱ्याचं दुरुस्त झालेलं ड्रिल पुसताना तिने सहज बटण दाबलं, तर मशीन मुकं. उघडून बघते, तर आत एक वायर लोंबकळत होती. मिस्त्री वायर जोडायलाच विसरले होते! सांगायचं तरी कसं? त्यांचा सगळा जीव त्या बाकात. तिने मुकाट्याने वायर जोडली आणि अवाक्षर काढलं नाही.

वायरीनंतर कार्बन तिरके बसलेले निघाले. मग स्विच. मग पुढचं टोक धरणारं चक ढिलं. मग बेअरिंग. वय चढत गेलं तशा चुका अवघड होत गेल्या आणि त्यांच्यामागे धावता धावता ती शिकत गेली. अडलं, की जेवताना आडून विचारायची.

"बाबा, समजा एखाद्याचं चक निघतच नसेल तर?"

"आतला स्क्रू उलट्या आट्याचा असतो. दुनिया जिकडे फिरवते, त्याच्या उलट फिरवायचा." एवढं बोलून मिस्त्री पुन्हा ताटाकडे बघायचे. तिला कशाला हवं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. बरंच होतं ते.

गेल्या महिन्यात तर तिने मशीन न उघडता नुसत्या आवाजावरून दोष ओळखला. इतका आनंद झाला, की एकटीच हसत बसली.

आज सकाळीही बाकावर मिस्त्रींचे हात थरथरत होते. दोनदा स्क्रू खाली पडले, दोन्ही तिनेच उचलून दिले. मग काठोकाठ भरलेला चहाचा कप थेंबही न सांडता हातात घेऊन ते आत निघाले. "कोपऱ्यातला पंखा बोलायला लागलाय, तेल घाल," जाता जाता म्हणाले. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

प्लग काढलाय ना, हे तिने दोनदा पाहिलं. निजायला जाताना मिस्त्री पसारा तसाच टाकायचे; हवा तोच स्क्रू ड्रायव्हर सगळ्यांत वर सापडायचा. तिने मशीन उघडलं. वायरी घट्ट. कार्बन सरळ. स्विच ठणठणीत. बेअरिंग बोटाने फिरवलं, हूं की चूं नाही. ग्रीस ताजं. पुन्हा बंद करून चालवून पाहिलं: हळू, जोरात, उलटं, सुलटं. एकदम मऊ आवाज.

वर्षभरात बाकावरून उतरलेलं एकही मशीन बिनचूक निघालं नव्हतं. म्हणजे दोष आहे आणि आपल्याला सापडत नाहीये. चार वाजायला पंधरा मिनिटं. नवऱ्यासमोर हे मशीन बंद पडलं, तर पस्तीस वर्षांचं नाव मातीत जाणार, आणि तेही आपल्यामुळे!

तिने घाईघाईने पुन्हा उघडलं. हातातून स्क्रू ड्रायव्हर सटकला आणि फरशीवर खणकन वाजला. आतलं घोरणं थांबलं. मग घोरणं पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा जोरात.

आता राहिली होती फक्त मुठीच्या तळाशी वायर धरून ठेवणारी पट्टी. ती कधी बिघडत नाही, म्हणून कुणी काढतही नाही. तिने तिचे दोन स्क्रू सोडवले.

पट्टीखाली चार घड्या घातलेला कागद होता. अक्षर मिस्त्रींचं, बारीक आणि मोत्यासारखं, एकाही वळणाला कंप नाही.

'यात काही ठेवलेलं नाही, शोधू नकोस. वर्षभर जे जे बिघडवून ठेवलं, ते सगळं तुला सापडलं. पुन्हा बाकावर बसलीस तर नाव बदला म्हणाली होतीस ना? बदललं. चार वाजता सुताराला मशीन तूच चालवून दाखव, मिस्त्री. आणि आटप लवकर, खोटं खोटं घोरून माझा घसा बसलाय.'