पुसलंस का मला?

"बाबा, निदान बसून तरी ऐका," मुलगी म्हणाली. मी उभ्याउभ्याच पुढची कॅसेट घातली. बायको जाऊन महिना झाला होता आणि मला तिचा आवाज हवा होता. आवडत्या बँडचा एकही कार्यक्रम आम्ही चुकवला नव्हता. मी टेपरेकॉर्डर छातीशी धरून उभा राहायचो, ती शेजारी बेसूर गायची. घरी आल्यावर ती जिथे ऐकू येई, तेवढा भाग मी पुसून टाकायचो. "पुसलंस का मला?" ती स्वयंपाकघरातून विचारायची. सकाळपासून अकरा कॅसेट झाल्या. ड्रम, गिटार, टाळ्या, सगळं स्वच्छ. ती कुठेच नाही. बारावी कॅसेट रेकॉर्ड करतानाच अर्धवट राहिली होती, म्हणून पुसायला घेतलीच नव्हती. गाण्याच्या मध्येच ती ओरडली, "अरे, बंद कर तो डबा! चल, नाचूया!" मग खट्ट झालं. "पुढे?" मुलीनं विचारलं. मी खाली बसलो. "पुढे आम्ही नाचलो."