मध्यभागाची गर्दी

२३ एप्रिल १९९३, सकाळचे नऊ. जळगावातल्या एका घराच्या गच्चीवर ओल्या धोतरावर पापडासारखे वाळवायचे चव्वेचाळीस बिबडे थापून झाले होते आणि पातेल्यात ज्वारीचा घाटा अजून निम्मा उरला होता. खाली स्वयंपाकघरात दोन्ही सुनांची पुन्हा जुंपली होती. स्टोव्ह एक, पातेली दोन. आधी कोणाचे चढणार, एवढाच वाद.

चुडामण आबांनी ओला तळवा पुढच्या गोळ्यावर दाबला. खांदा भरून आला होता. टेक्निकल कॉलेजात मोजमाप शिकवण्यात हयात गेली, म्हणून कडेचे बिबडे त्यांनी दोन-दोन बोटे सोडून थापले होते. मध्ये मात्र जागा पुरेना.

"अहो, इतला जवळ नका टाका," प्रमिलाबाई म्हणाल्या. "चिपकी जातीन."

"आकाशगंगेच्या मध्यभागी हेच होते," आबा थकल्या आवाजात म्हणाले. "आपल्या बाजूला दोन ताऱ्यांत इतके अंतर, की कधी गाठ पडायची नाही. तिथे दाटी फार. टकरी होतात. कधी दोघांचा मिसळून एकच होतो, कधी नुसते वरचे साल निघून जाते."

"जास्त मार कोनले बसस?"

"म्हाताऱ्या ताऱ्यांना. ते फुगून अगडबंब झालेले असतात. येणारा-जाणारा त्यांनाच धडकतो."

"म्हंजे तुम्हीच शेतस की ते!" प्रमिलाबाई हसल्या. खाली पातेले आदळले, तसे त्यांचे हसू थांबले.

धाकटा मुलगा वना जिना चढून वर आला. कचेरीत जायच्या कपड्यांतच होता.

"आबा, साक्रीच्या कचेरीतल्या जागेचं साहेबांना आज हो-नाही सांगायचं आहे. गेलो तर बिऱ्हाड घेऊनच जाईन. पण तुम्ही म्हणाल तर."

चूल वेगळी करण्याचा शब्द बापाच्या तोंडून निघावा लागतो. मुलाने काढला, तर तो भांडून गेला असे भाऊबंदांत कायमचे होऊन बसते. वना मान खाली घालून उभा राहिला.

"नही म्हना," प्रमिलाबाई हलकेच म्हणाल्या. "भांडतस, पन बठ्ठा एक जागे शेतस."

धोतराच्या मध्यावर दोन बिबड्यांच्या कडा एकमेकींत मिळून गेल्या होत्या. आबांनी नखाने त्या सावकाश सोडवून पाहिल्या. दोन्ही बिबडे फाटले.

"जा," ते म्हणाले. "मी सांगतो म्हणून जा."

वना वाकून दोघांच्या पाया पडला आणि खाली उतरला. प्रमिलाबाईंनी फाटलेले तुकडे उचलून पातेल्यात परत टाकले.

"आनि आपला सूर्य? त्याच्या जवळपास कोनीच नही?"

"कोणी नाही. म्हणून तर इतका टिकला."

"टिकना खरा. पन त्याले इचारस कोन?"

आबांनी पुढचा गोळा घेतला.

मेअखेर वनाचा संसार एका टेम्पोत मावून साक्रीला गेला. जून महिन्यात त्या घरातली भांडणे: शून्य.