अकराची उष्णता

मुठीत मावेल एवढं यंत्र, पण उपग्रहावर बसून पृथ्वी किती उष्णता बाहेर टाकते ते मोजणार होतं. स्फाक्स शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत ते चाचणीच्या पेटीत होतं. खोड एकच, रोज सकाळी अकराला आकडा जरासा वर चढायचा. आमच्या एम्नाने दोन महिने डोकेफोड केली आणि शेवटी, हा यंत्राचा स्वभावच, असं ठरवून गणितातून अकराची तेवढी उष्णता वजा करून टाकली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

आज अकराला आकडा अचानक तेवढाच खाली आला. यंत्र परवा रवाना व्हायचं होतं. एम्ना रडकुंडीला आली.

"मोंजीकाका, आज इथे काही हलवलंत का?" तिने शिपाईकाकांना विचारलं.

"छे गं पोरी! आज तर मी पेटीला हातही लावला नाही."

"आज? म्हणजे रोज लावता?"

"हात कुठला? कप मांडेपर्यंत चहाची किटली तेवढी वर टेकवतो. सपाट जागा दुसरी आहे कुठे?"

"मग आज का नाही टेकवलीत?"

"अगं, पहिला रोजा ना आज! चहा कुणाला देऊ?"

एम्नाने कपाळावर हात मारला, मग खो खो हसत वजाबाकीची ती ओळ पुसली. आकडा जागेवर आला.

काका पेटीवर थाप मारत म्हणाले, "दोन महिने किटली तुमच्या नाकासमोर होती, दिसली फक्त याला. खुशाल पाठव वर."