गडग्यावर तवा

"मारा भावोजी," तुळसा म्हणाली.

तिच्या चुलत दिराने, महिपतने, ठासणीच्या बंदुकीचा बार काढला. अंगणाच्या दगडी गडग्यावर उभा केलेला तवा पलीकडे जाऊन पडला. तुळसा धावत गेली. तव्याला मधोमध भोक पडलं होतं. तिचं बोट त्यातून आरपार गेलं.

"झालं समाधान?" तिचा नवरा सदू वैतागला. "आता भाकऱ्या कशावर भाजशील गो?"

तिने लक्षच दिलं नाही. उद्या वाडीचा हाका होता. रानडुकरांनी भात पार लोळवलं होतं. घरटी एक माणूस डबे बडवत, ओरडत रान उठवायला जाणार आणि समोर महिपतसारखे बंदूकवाले टपून बसणार. मागच्या हाक्यात डुकरावर झाडलेली गोळी रान उठवणाऱ्या विठूच्या छातीत शिरली. विठू जागीच गेला. तेव्हापासून तुळसाच्या जिवाला थारा नव्हता. हाका चुकवला तर सदूला वाडीत तोंड दाखवायची सोय नव्हती. मग त्याच्या छातीला बांधता येईल असं काहीतरी घरात सापडायलाच हवं होतं.

महिपत दारू ठासत होता तोवर ती सारखी आत-बाहेर करत होती. पाट आणला, तो उभा चिरला. तांदळाचा डबा आणला, तांदूळ अंगणभर झाले. मसाला वाटायच्या पाट्याने मात्र गोळी अडवली.

"ह्यो धोंडा बांधून पळू काय मी?" सदूने विचारलं.

महिपत पोट धरून हसला. तुळसालाही हसू आलं, आणि हसता हसता रडूच कोसळलं.

पदराने तोंड पुसत ती आत गेली आणि पितळेची परात घेऊन आली. दोरीवरचा सदूचा सदरा काढला, परात त्यात सरकवली, बटणं लावली आणि सदरा फणसाच्या खोडाला बांधला.

महिपतने बंदूक खांद्याला लावली. नेम धरला. मग खाली घेतली. तळवे पँटीला पुसले, पुन्हा नेम धरला. बराच वेळ तसाच उभा राहिला.

"नाय जमत वहिनी," तो शेवटी म्हणाला. "दादाच उभा हाय असं वाटतंय."

तुळसा त्याच्याजवळ गेली.

"उद्या झुडूप हललं तर एवढं थांबाल काय भावोजी?"

बंदूक महिपतच्या हातात भरलेलीच राहिली.